उलटे केलेले खिसे

फिर्याद करणारा : मी स्वतः, वर्ध्याच्या कचेरीच्या आवारात लिंबाखाली टेबल मांडून अर्ज लिहून देणारा, शिक्षण सातवीपर्यंत, तथापि माझ्या मसुद्याला वकीलही सहसा हात लावत नसत. अन्याय झालेला : हिंगणीकडचा एक इसम, तिशीच्या आतला, मनाच्या आजारावर दूरच्या इस्पितळात उपचार घेऊन बरा होऊन आलेला. काळ : आणीबाणी उठल्यानंतरचा कापसाचा हंगाम. साक्षीदार : आवारातला चहावाला. नावे मुद्दाम गाळली आहेत. त्या इसमाच्या नावाची गावात पुरेशी विटंबना झालेली आहे.

तो प्रथम आला तेव्हा बसण्यापूर्वीच त्याने सदऱ्याचे खिसे उलटे करून मला दाखवले.

"मुन्शीजी, गिऱ्हाईक तं आधीच झडती देऊन राह्यलं!" चहावाला हसला.

मी त्याला दटावले. इस्पितळात वॉर्डात शिरताना प्रत्येकाला खिसे दाखवावे लागत. तो तिथून सुटला, सवय सुटली नाही.

त्याचे म्हणणे थोडक्यात असे. "भाऊ म्हणते, हा हंगाम पाहतो. काम लागलं तं घरी राह्य, नाई तं वापस नेऊन घालतो. मले वापस नाई जायचं, मुन्शीजी."

आजारापूर्वी तो जिनात, म्हणजे सरकी काढण्याच्या कारखान्यात, कापसाच्या गठाणी बांधत असे. मी त्याच्यासाठी ठिकठिकाणी अर्ज केले, भाषा अशी योजली की नकार देणाऱ्याला लाज वाटावी. लाज कोणाला वाटली नाही. उत्तरेच आली नाहीत. अखेर त्याला बरोबर घेऊन मी एका जिनाच्या फाटकावर गेलो. तिथल्या मुकादमाच्या शेताच्या तंट्याचे कागद मीच लिहिलेले होते.

"तुमचा शब्द म्हणून घेतो," मुकादम म्हणाला. "पण हा पागलखान्यातून आला ना?"

"आजारातून उठला आहे."

"एकच झालं."

जिनात आगीचे भय मोठे. सकाळी फाटकावर झडती होते, विडी आणि आगपेटी बाहेर राहते, मग दिवसभर कोणी कोणाला विचारत नाही. हा मात्र मुकादम शेजारून गेला की हातातली गठाण आवळायची लोखंडी पट्टी खाली ठेवी आणि खिसे उलटे करी. सरकी काढणाऱ्या यंत्रांवर, रेच्यांवर, कापूस लावणाऱ्या बाया आधी हसल्या. "पाह्य वं माय, पुन्हा दाखवले!" काही दिवसांनी हसणे थांबले. त्याच्या शेजारी बसून कोणी शिदोरी सोडेना.

मी त्याला बजावले, असे करू नकोस. तो हो म्हणाला. "पण हातच जाते, मुन्शीजी. मले मागून समजते."

मुकादमाने मला बोलावून घेतले. "ज्याच्या मनात काई नाई, तो काऊन सारखे खिसे दाखवीन?"

मी इस्पितळातली रीत समजावून सांगितली. तितके नीट मी साहेबांसमोरही कधी बोललो नसेन.

"असन तसं. पण हा कापूस हाय. कुठं ठिणगी पडली तं मालक मले पुसन, येडा काऊन ठेवला?"

त्याच्या एकाही गठाणीची पट्टी सैल निघाली नव्हती. हे मुकादमानेच मला सांगितले, आणि त्याच दिवशी त्याला काढले. पुढे दुसरा जिन मिळाला नाही. जिथे जावे तिथे ही हकीकत आमच्या आधी पोचलेली असे.

हंगाम उलगला, कापूस संपला. एका सकाळी तो बोचके घेऊन टेबलापाशी आला. भाऊ एसटी स्टँडवर उभा होता.

"वापस जायले अर्ज लागते का, मुन्शीजी?"

"नाही," मी म्हणालो. "त्याला लागत नाही."

निघताना त्याने खिसे उलटे केले. चहावाला या वेळी हसला नाही. त्याने ते खिसे आपल्या हातांनी सरळ केले आणि एकात बिस्किटांचा पुडा घातला. इस्पितळाच्या दारात तो पुडा काढून घेतला गेला असेल.

त्यानंतर अनेक वर्षे मी लोकांची गाऱ्हाणी लिहिली. हे एक कोणत्या साहेबाच्या नावे करावे, ते मला आजवर उमगलेले नाही. म्हणून ते वाचणाऱ्यापुढे ठेवीत आहे. ज्याच्या खिशात काहीच निघाले नाही, त्यास कोणत्या कारणासाठी कामावरून व घरातून काढण्यात आले, याचे लेखी उत्तर मिळावे. तो आता हयात आहे किंवा नाही, हे ठाऊक नाही; सबब उत्तर माझ्या टेबलावर पाठवले तरी चालेल.