विहिरीला भिणारे मिस्त्री

“थांब जरा, मला भ्या वाटतंय.”

कुठल्याही विहिरीवर पोचलो की आमचे मिस्त्री असं म्हणायचे आणि चपला काढून काठावर बसायचे. पंचेचाळिशीचा आडव्या अंगाचा माणूस, तेलाने कायमचे काळे झालेले हात, आणि चारचौघांत हे असं बोलणं. वाडीतली माणसं तोंड फिरवून हसायची. मी त्यांच्या हाताखाली काम करायचो, त्यामुळे मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

स्वातंत्र्य मिळून तीन-चार वर्षं झाली होती. वसईकडच्या केळीच्या वाड्यांतले रहाट जाऊन तेलावरची इंजिनं येत होती. मुंबईच्या कारखान्यातली माझी नोकरी सुटली म्हणून मी बायकोला घेऊन उमेळ्याला आलो होतो. मिस्त्री उमेळ्याचेच, मिठागरात राबलेल्या घरातले. उन्हाळ्यात विहिरीचं पाणी खाली गेलं की पंपाला ते वरून ओढता यायचं नाही. मग इंजिनच विहिरीत उतरवून आतल्या कट्ट्यावर बसवायचे. ते बिघडलं की दुरुस्त करणाऱ्यानेही आत उतरायचं.

मिस्त्रींची रीत ठरलेली होती. आधी वरूनच तार ओढून इंजिन बंद. मग आंब्याची पानं भरलेली डहाळी दोरीला बांधून विहिरीत वरखाली हलवत राहायचं, विहिरीला वारा घातल्यासारखं. मग भाकरी खायची, तीही विहिरीकडे पाठ करून. त्यानंतर कमरेला दोर, आणि दोर धरायला वर दोन माणसं. माणसं कमी पडली तर मिस्त्री सायकलवर बसून सरळ घरी.

एकदा एका मालकाने विचारलंच, “मिस्त्री, एवढं भिता तर दुसरा धंदा का नाही करत?”

“दुसरा येत नाय,” मिस्त्री म्हणाले आणि भाकरीचा तुकडा मोडला.

तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. सगळं नेमकं करतात, पण का ते सांगत नाहीत. मी तरुण होतो, कारखान्यातून आलेला होतो. मला वाटायचं, म्हातारपण लवकर लागलंय.

चैत्र संपत आला होता. भुईगावच्या एका वाडीत इंजिन सकाळपासून धापा टाकत होतं. मिस्त्री एक वायसर आणायला वसईच्या बाजारात गेले. जाताना म्हणाले, “मी येईपर्यंत कोनी उतरायचं नाय.” ऊन चढलं, केळीची पानं मान टाकायला लागली. मालक दर थोड्या वेळाने माझ्याकडे बघत होते. शेवटी मी इंजिन बंद करवलं आणि पेटवलेला कंदील दोरीने आत सोडला. विहिरीतली हवा अशी तपासतात, हे मी कुठेतरी ऐकलं होतं. ज्योत छान उभी राहिली. हललीसुद्धा नाही. म्हटलं, झालं तर मग.

उतरलो. पाना हातात घेतला. इंजिनाचा धूर वर सोडणारा पाइप सांध्यात फुटलेला दिसला. कपाळ दुखायला लागलं, ते उन्हाने असेल असं वाटलं. मग पाना हातातून सुटला. तो उचलायला वाकायचं ठरवलं, पण पाय माझे राहिले नव्हते. समोर कंदील तसाच जळत होता. हाक मारावी असंही मनात आलं नाही, याचीच आज मला सगळ्यात जास्त भीती वाटते.

पुढचं मालकांनी नंतर सांगितलं. ते स्वतः उतरायला निघाले तेवढ्यात मिस्त्री आले. त्यांनी सायकल तशीच टाकली आणि मालकांचा सदरा मागून धरला. “तुमी नका उतरू. मंग दोगं काडावी लागतील.” डहाळी हलवायला वेळ नव्हता. त्यांनी कमरेला दोर बांधला, दुसरा हातात घेतला, मालकांना आणि गड्याला दोर धरायला लावले. “मला लई भ्या वाटतंय,” असं म्हणाले, छातीभर श्वास घेतला आणि उतरले. मला दोर बांधून ते वर आले तेव्हा तोंड निळं पडलं होतं. मालकीणबाई काठावर उभ्या राहून क्रूसाची खूण करत होत्या.

मी शुद्धीवर आलो तो केळीखाली. मिस्त्री बाजूला ओकत होते. मला वाटलं, आता शिव्या बसणार. त्यांनी माझ्या तोंडावर पाणी मारलं आणि विचारलं, “कंदील जळत होता ना?”

मी मान हलवली.

“त्या टायमालापन जळत होता. इंजिनाच्या धुरानं मानूस मरतो, कंदील इजत नाय.”

मग त्यांनी सांगितलं. हे काम त्यांनी धाकट्या भावाबरोबर सुरू केलं होतं. पहिल्याच उन्हाळ्यात भाऊ विहिरीत उतरला. मिस्त्री वर उभे होते. कंदील जळतोय म्हणून ते भावाशी गप्पा मारत राहिले, आणि खालून उत्तर येईना तेव्हा तो पाणी पीत असेल असं त्यांना वाटलं.

“हे आधी का नाही सांगितलंत?” मी विचारलं.

ते हात पुसत म्हणाले, “सांगितलं असतं, तर मला परत उतरता नसतं आलं.”

आणि तसंच झालं. त्या दिवसानंतर ते विहिरीत उतरले नाहीत. मी उतरायचो, ते दोर धरायचे. दोर इतका घट्ट धरायचे की मला खाली नीट वाकता यायचं नाही.

चार वर्षांनी पावसाळ्यात साध्या तापाने ते घरातच गेले. पुढच्या उन्हाळ्यापर्यंत मी विहिरीच्या कामावर गेलो नाही. मग गेलो ती वाडी उमेळ्यातलीच. मालकाला घाई होती. मी म्हटलं, “थांबावं लागेल. मला भीती वाटते.” मालक हसला आणि त्याने दुसऱ्या कारागिराला बोलावून आणलं. मी सायकल घेऊन निघालो. अर्ध्या वाटेपर्यंत मागे इंजिनाचा आवाज येत होता. मग तो थांबला, म्हणजे आता कारागीर उतरणार.

मी वळलो आणि होतं नव्हतं तेवढं बळ लावून सायकल मारली. पोचलो तेव्हा तो तरुण कारागीर काठावर पाय सोडून उतरायच्या बेतात होता. “काय झालं?” त्याने विचारलं.

धाप लागल्यामुळे मला बोलता येईना. मी नुसता दोर उचलला आणि त्याच्या कमरेला बांधायला लागलो. तो हसत होता. गाठ तीनदा सुटली. चौथ्यांदा बसली. मग मी त्याला म्हटलं, “खाली बस,” आणि डहाळी तोडायला गेलो.