दाराशी बसणारे काकाजी

आमच्या ट्रस्टच्या दवाखान्यात विश्वस्तांसाठी वेताच्या खुर्च्या होत्या, पण काकाजी त्यांवर कधी बसले नाहीत. चपला व्हरांड्यात काढायच्या आणि सरळ रोग्याच्या खाटेवर पायथ्याशी टेकायचं, ही त्यांची रीत. बाकीचे विश्वस्त पंधरा ऑगस्टला झेंड्यापुरते दिसत. काकाजी दर मंगळवारी हजर, आणि मंगळवारी आम्हा नर्सेसच्या कपाळाला आठ्या.

आर्वीकडे त्यांची संत्र्याची बाग होती, शिक्षण सातवीपर्यंत. रोग्याला ते ‘बरं आहे का?’ असं चुकूनही विचारत नसत. म्हणायचे, “बरं हाय का म्हटलं की आपला मानूस मरता मरता बी बरंच हाय म्हनते.” त्याऐवजी ते विचारत, “सकाई सुई कोनं देली? उकयत्या पान्यातून काढली का तशीच टोचली?” रोगी बिचारा खरं ते सांगून मोकळा होई आणि आमची मात्र पंचाईत. एकदा आमचे डॉक्टर वैतागून म्हणाले, “काकाजी, यातलं तुम्हाला काय समजतं?” काकाजी शांतपणे म्हणाले, “काईच नाई. म्हून तर विचारून राह्यलो.”

मी पुलगावची. वडील तिथल्या मिलमध्ये, घरात मी थोरली, आणि नोकरी नवी. मला हा माणूस मुळीच आवडत नसे. आमच्यावर टपलेला म्हातारा वाटायचा तो.

आणीबाणी उठल्यानंतरच्या एका हिवाळ्यात दवाखान्यात मोतीबिंदूचं शिबिर भरलं. नागपूरहून मोठे सर्जन आले होते. ज्या डोळ्याचं ऑपरेशन, त्या बाजूला भुवईच्या वर चिकटपट्टी लावायची, हे काम माझ्याकडे. काकाजींनी स्वतःकडे घेतलेलं काम त्याहून सोपं. ऑपरेशनच्या खोलीच्या दाराशी स्टूल टाकून बसायचं आणि आत जाणाऱ्या प्रत्येकाला विचारायचं, “कोनता डोया? हात लावून दाखव.” सर्जनसाहेबांना तो पोरखेळ वाटे.

शिबिराच्या पहिल्याच दिवशी दुपारी उद्घाटनाला पाहुणे यायचे होते. ट्रस्टच्या अध्यक्षांनी हारतुऱ्यांसाठी काकाजींना फाटकाशी बोलावून घेतलं. स्टूल रिकामं राहिलं, आणि तेवढ्यात गिरजाबाई आत गेली.

गिरजाबाई तळेगावकडची म्हातारी. डावा डोळा मोतीबिंदूने पार झाकोळलेला, उजव्याने अजून दिसायचं. त्या डोळ्याच्या भरवशावर ती भाकरी थापायची, विहिरीवर जायची. तिचा नवरा व्हरांड्यात घोंगडी पांघरून बसला होता. काकाजी परतले तेव्हा तो सहज म्हणाला, “मालक, बुढीचा डावा झाला का मंग उजवा बी करा लागन का?”

“कोनता डोया हे तिले विचारलंच नाई म्या,” काकाजी म्हणाले आणि माझ्याकडे वळले. “सिस्टर, पट्टी कोन्त्या बाजूले होती?”

पट्टी मी डावीकडेच लावली होती. पण आत नेताना ती उजव्या भुवईवर होती आणि तिच्या कडेला लाल डाग होता, हे आता डोळ्यांपुढे आलं.

“उजव्या,” मी म्हणाले.

“मंग उभी काऊन हायेस? जा! मी गेलो त डाक्टर मलेच कापन.”

मी आत धावले. सर्जनांच्या हातात भूल द्यायची सुई होती, गिरजाबाईच्या उजव्या डोळ्यापासून बोटभर अंतरावर. “सर, थांबा,” मी म्हणाले. कोणी वळलं नाही म्हणून पुन्हा ओरडले. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की नोकरी तिथेच गेली असं वाटलं. मी केसपेपर त्यांच्यापुढे धरला. त्यावर ‘डावा’ असं स्पष्ट लिहिलेलं होतं. त्यांनी तो वाचला, पुन्हा वाचला, आणि दिवा दुसऱ्या बाजूला घ्यायला सांगितला.

झालं होतं ते असं. आंघोळीनंतर गिरजाबाईला कुंकू लावायचं होतं. नवरा जिवंत असताना कपाळ मोकळं ठेवून सुरीखाली जायचं म्हणजे अपशकुनच. पट्टी आड येत होती, म्हणून तिने ती काढली, कुंकू लावलं आणि चाचपडत परत चिकटवली, दुसऱ्या बाजूला.

संध्याकाळी विश्वस्तांची बैठक बसली. मला दाराशी उभं केलं होतं. अध्यक्ष म्हणाले, “काही झालं नाही ना? मग दवाखान्याच्या वहीत लिहायची गरज नाही. या मुलीला महिनाअखेर मोकळं करा.”

काकाजी उठले. “या पोरीनं पट्टी बरोबर लावली होती. कुंकवाची जागा आपन झाकली, तवा कोनी इचार केला? हिले काढलं, तरी पुढच्या साली बाया कुंकू लावतीनच. सारं लिहा. अन् दाराशी मी नव्हतो, हे बी माह्या नावासकट लिहा.”

खूप वादावादी झाली, पण लिहिलं गेलं. पुढच्या शिबिरापासून पट्टी गालावर आली, आणि डोळा कोणता हे खाटेशी, दाराशी आणि टेबलाशी असं तीनदा विचारायचं ठरलं. माझी नोकरी वाचली. आणि मी गप्प राहिले.

कारण गिरजाबाई पट्टी परत चिकटवत होती, तेव्हा मी समोरच होते. मी पाहिलं होतं. घाई होती, मी नुसतं “चला, आटपा” म्हणाले.

वर्ष सरलं, आणि नव्या विश्वस्त मंडळात काकाजींचं नाव नव्हतं. ते लोकांचा निरोप घ्यायला आले, तेव्हा व्हरांड्यात मी त्यांना सगळं सांगितलं. ते म्हणतील ‘जाऊ दे पोरी’, अशी माझी आशा होती. त्यांचा चेहरा लाल झाला. त्यांना रागावलेलं मी तेवढंच एकदा पाहिलं.

“तुले दिसलं अन् तू बोलली नाई? मंग म्या लिहून घेतलं ते अर्धंच झालं. मले काऊन सांगतेस? मी आता कोनी नाई इथचा. त्या मंडळवाल्याइले सांग. लिहून देजो.”

चपला घालून ते निघून गेले, मागे न पाहता.

कागद लिहायला मला तीन आठवडे लागले. अध्यक्षांनी तो वाचला, मला ताकीद दिली आणि वहीत डकवायला लावला. मी आर्वीची बस धरायचं ठरवत होते, तेवढ्यात काकाजी वारल्याचं कळलं. मी लिहून दिलं, हे त्यांना कोणी सांगितलं होतं की नाही, ते मला आजही माहीत नाही.