अनिताच्या आईची शपथ

अनिता माझ्या डोक्यात जाते. आजची गोष्ट नाही, १९९५ सालापासून जाते. पेणच्या शाळेत आम्ही एका वर्गात होतो. आता ती निडीला दिली आहे, मी रोह्याला कंपनीत आहे, आणि दोघांच्या घरांत मोटरसायकलवर पंधरा-वीस मिनिटांचं अंतर आहे. एवढ्या वर्षांत मी तिच्या दारात एकदाही गेलो नव्हतो. रोह्याच्या बाजारात समोर आली तर मी मोबाईल काढून कानाला लावायचो.

यंदा शिमगा झाल्यावर नमिताने ग्रुप काढला. 'बॅच ९७'. नमिता म्हणजे आमच्या वर्गाची मॉनिटर, तेव्हाही सगळ्यांना रांगेत उभं करायची, आताही करते. तिने एक फॉर्म पाठवला. दिवाळीत सगळ्यांनी भेटायचं, स्मरणिका छापायची, त्यासाठी प्रत्येकाने भरायचं: शाळेची आठवण, आवडतं संगीत, आवडतं पुस्तक, फुरसतीत काय करता. लोकांनी काय एकेक फेका मारल्या! ज्या नितेशने दहावीपर्यंत मराठीचं पुस्तक कधी उघडलं नाही, त्याने वाचनाच्या रकान्यात 'तत्त्वज्ञान' लिहिलं. अमोलने लिहिलं, 'फुरसतीत ध्यानधारणा.' हा अमोल ध्यानाला बसला तर घोरतो, मी त्याच्याबरोबर शिफ्ट केली आहे. मी खरं ते लिहिलं. संगीत: काही नाही. पुस्तक: रहस्यकथा, मिळतील त्या. फुरसत: झोप.

अनिताने संगीताच्या रकान्यात 'धवले' लिहिलं आणि फुरसतीच्या रकान्यात लिहिलं, 'आईकडून धवले शिकायचे होते. राहिले.' आठवणीचा रकाना तिने मोकळा सोडला होता.

तो का मोकळा सोडला, ते सगळ्या बॅचला ठाऊक आहे. अनिताची आई सीताबाई खाडीकडच्या गावातली धवलारीण. तिकडे मिठागरवाल्यांच्या लग्नात हळदीपासून पाठवणीपर्यंतचे विधी गाण्यांवर चालतात, ती गाणी म्हणजे धवले, आणि ती म्हणणारी बाई म्हणजे धवलारीण. कागदावर काही नसतं. आईने म्हणायचं, मुलीने मागून म्हणायचं, वीसेक वर्षांनी मुलीला येतं. नववीत असताना अनिता शिकायला लागली होती. शाळेच्या कपाटातली सगळी पुस्तकं तिने वाचून संपवली होती, मधल्या सुट्टीत आमच्याकडे मख्ख बघत बसायची. शिष्ट होती. बोलायला गेलं तर उत्तर तोडून द्यायची.

त्या वर्षी स्नेहसंमेलनात बाईंनी तिला लोकगीत म्हणायला उभं केलं. मी स्टेजच्या कडेला कॅसिओ घेऊन बसलो होतो. मला कॅसिओ बरा यायचा. तीन गाण्यांना माझी साथ होती, आणि त्या संध्याकाळसाठी मी दोन महिने बोटं झिजवली होती. अनिताने धवला सुरू केला. आवाज चांगला होता, हे मी आजही नाकारत नाही. पण धवल्यात नवरा-नवरीचं नाव घालावं लागतं. नाव नसेल तर म्हणायचाच नाही, असं तिच्या घरचं शिक्षण. तिने समोर बघितलं. पहिल्या रांगेत मॉनिटर नमिता बसली होती, ती झाली नवरी. बाजूला बघितलं. कॅसिओवर मी. मी झालो नवरा. पाचशे माणसांसमोर हिने नमिता आणि हरेशची हळद लावली, तीही बापांच्या नावांसकट.

आधी कुणाला कळलं नाही. मग पोरं अशी हसली की पडदा पाडावा लागला. माझी तीन गाणी झालीच नाहीत. दुसऱ्या दिवसापासून मी 'नवरदेव'. फळ्यावर नवरदेव, वहीवर नवरदेव, रामवाडीच्या एसटी स्टँडवर लांबून हाक, "ओ नवरदेव!" बाबांनी मला पट्ट्याने मारलं. का, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. नमिताचे वडील आमच्या दुकानात येऊन काय काय बोलून गेले होते, तो राग कुणावर तरी निघायचा होता. दहावीला मला आत्याकडे रोह्याला पाठवलं. कॅसिओ परत बोटाखाली घेतला नाही. आता कळलं ना, 'संगीत: काही नाही' का लिहिलं ते?

फॉर्म आल्यावर नमिताला कल्पना सुचली. दिवाळीच्या भेटीत अनिताने धवला म्हणायचा, तोच! "किती मज्जा येईल, आपण पोस्टरवर टाकू," असा तिचा निरोप. तिला आता मज्जा येते. आणि अनिताला तयार करायला कुणी जायचं? मी, कारण मी जवळ राहतो. मी नाही म्हणालो. तिने तीन दिवस ग्रुपवर 'नवरदेवाला मनवा' चालवलं, तेव्हा कटकट नको म्हणून एका रविवारी निडीला गेलो.

अनिताने बस म्हटलं नाही. नववीनंतर तिची शाळा बंद झाली होती; सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावी केली, पुढे शिकली, आता एका शाळेत वाचनालय सांभाळते. घरात भिंतभर पुस्तकं. तोंड तेच, नववीतलं.

"म्हणीन मी," ती म्हणाली. "पण मला एकच धवला येतो. बाकीचे आईकडेत. ती शिकवत नाय. तुला माहितीये का ते."

मला माहीत होतं. संमेलनाच्या दुसऱ्या दिवशी बाबांनी सीताबाईला शाळेत बोलावून घेतलं होतं. मी ऑफिसच्या दाराशी उभा होतो. बाबा म्हणाले होते, "पोरीच्या डोक्यावर हात ठेव आणि देवीची शपथ घे, तिच्या तोंडी परत धवला घालणार नाय म्हणून." सीताबाईने पदर खोचला, अनिताच्या डोक्यावर हात ठेवला आणि शपथ घेतली. हेडमास्तर खिडकीबाहेर बघत होते.

"शपथ घातली त्यानेच 'सुटली' बोलायला लागतं," अनिता म्हणाली. "तुझा बापूस गेला. आई बोलते, बापूस नाय तर त्याचा पोर बोलला तरी चालंल. अठ्ठ्याहत्तर वर्षांची झालीये ती, हरेश. चाळीसच्या वर धवले आहेत तिच्याकडे. मी फोनवर रेकॉर्ड करीन, वहीत लिहीन. तू फक्त ये आणि बोल."

एका शब्दाचं काम होतं. लहानपणी चिंचेसाठी शपथा घालायचो आणि तासाभरात 'सुटली' म्हणून मोकळे व्हायचो. पण माझ्या अंगाचा तिळपापड झाला. हिने माझं नाव पाचशे लोकांत घेतलं, माझं हसं झालं, मला घर सोडावं लागलं, आणि वर मीच हिच्या आईच्या दारात जायचं?

"आधी तू माफी माग," मी म्हणालो. "ग्रुपवर. सगळ्यांसमोर."

"कसली माफी? नाव घालायलाच लागतं त्यात."

"मग राहू दे."

"राहू दे," ती म्हणाली आणि पुस्तक उघडून बसली. मी चपला घालेपर्यंत तिने मान वर केली नाही.

चैत्र गेला, वैशाख गेला. मे महिन्यात तिचा एकदा मेसेज आला: 'आई विचारते, हरेश कवा येतोय.' मी निळ्या खुणा दाखवल्या आणि उत्तर दिलं नाही. त्याची मला मजा वाटली, खोटं कशाला बोलू. शिफ्ट संपवून घरी आलो की तो मेसेज उघडून बघायचो आणि बरं वाटायचं. जूनमध्ये दुसरा आला: 'एक दिवस ये. चहासुद्धा घेऊ नको.' त्यालाही निळ्या खुणा. बायको म्हणाली, "एवढं काय धरून बसलाय?" मी तिला म्हटलं, तुला काय माहीत, तू नव्हतीस तिकडे.

जुलैच्या शेवटी सीताबाईला ताप आला. पंधरा दिवस दवाखान्यात होती, हे मला अमोलकडून कळलं. अनिताने काही कळवलं नाही. नारळी पौर्णिमा झाली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ग्रुपवर तिचा मेसेज पडला.

'हरेश, १९९५ च्या स्नेहसंमेलनात मी तुझं नाव घेतलं. त्याचा तुला त्रास झाला. चूक माझी. सर्वांसमोर माफी मागते. अनिता.'

मी तो चार वेळा वाचला. खाली नमिताने फुलं टाकली, नितेशने टाळ्या टाकल्या. मी स्क्रीनशॉट काढला आणि बायकोला दाखवला. तीस वर्षांनी जिंकलो होतो. रविवारी येतो म्हणून लिहिलं. वर 'ठरल्याप्रमाणे' असंही लिहिलं.

रविवारी इस्त्रीचा शर्ट घातला. नागोठण्यावरून पेणला आलो, तिथून खाडीच्या रस्त्याने त्यांच्या गावाला. अनिता आधीच येऊन बसली होती. नवी कोरी दोनशेपानी वही, दोन पेनं, आणि फोन चार्जिंगला लावलेला. सीताबाई खाटेवर भिंतीला टेकून होती. मला वाटलं होतं त्याच्या निम्मी झाली होती.

"आये, हरेश आलाय," अनिता तिच्या कानाशी म्हणाली. "कमळाकरशेटचा पोर. सुटली बोलायला आलाय गो."

सीताबाईने माझ्याकडे बघितलं. अनिताने फोनचं रेकॉर्डिंग चालू केलं.

मी दोन पावलं पुढे झालो. रस्त्यात पाठ केलेलं सगळं बोलायचं होतं, बाबांचं नाव घेऊन, रीतसर. पण त्या नजरेपुढे ते काही आठवेना. मी म्हणालो, "सीताकाकी, बाबांनी घातलेली शपथ सुटली."

"बरं," ती म्हणाली.

"आता म्हण आये," अनिता म्हणाली. "हळदीचा म्हण. पयला."

सीताबाईचे ओठ हलले. एक ओळ आली. आवाज बारीक होता, पण चाल सरळ होती. अनिताने ती वहीत लिहिली. दुसरी ओळ आली नाही. सीताबाईने पहिलीच परत म्हटली. मग तिसऱ्यांदा म्हटली. अनिताने हळूच सुरुवातीचे दोन शब्द दिले, तर ती अनिताच्या तोंडाकडे बघत राहिली आणि एकाएकी तिने अनिताच्या तोंडावर हात दाबला.

"गप गो," ती म्हणाली. "तू नको म्हनू. शपथ हाय."

"सुटली आये. आताच सुटली. हरेश बोलला ना."

"हा कोन?"

"कमळाकरशेटचा पोर."

"शेटला येऊ दे," सीताबाई म्हणाली. "शेटनं घातलीय. मी पोरीच्या डोक्यावर हात ठेवलाय, तुमी इचारा शालंत. हेडमास्तर हुते. शेट बोलला का म्हनीन."

तिला ऑफिस आठवत होतं, हेडमास्तर आठवत होते, बाबांच्या अंगातला सफारीही आठवत होता, तो तिने सांगितला. चाळीस धवल्यांतली एक ओळ उरली होती आणि शपथ मात्र शब्द न् शब्द शाबूत होती.

अनिता माझ्यावर ओरडली असती तर मला बरं वाटलं असतं. मला भांडता येतं. ती वही मांडीवर घेऊन बसून राहिली आणि म्हणाली, "मे महिन्यात रोज विचारायची तुला. अंघोळ करून, धुतलेलं लुगडं नेसून बसायची. दिवसभर गुणगुणायची, पण मी जवळ गेले की गप व्हायची."

तेवढ्यात सीताबाईने माझी बाही धरली.

"शेट कवा येतील?" तिने विचारलं.

"बाबा नाहीत काकी," मी म्हणालो. "नऊ वर्षं झाली."

तिने बाही सोडली. ती अनिताकडे वळली.

"मंग आता कोन सोडवंल?" ती म्हणाली.

अनिताने हात लांब करून फोन बंद केला.