आईचा हँडगिअर

गाडी कोणती ते सांगत नाही. छोटीशी, चार दारांची, पुढे दोन गोल दिवे, आणि गिअरचा दांडा खाली नाही तर स्टिअरिंगच्या बाजूला, ज्याला हँडगिअर म्हणतात. एवढं सांगितलं की पन्नाशीपुढचा कोणीही "अरे, आमच्याकडे पण होती!" म्हणतो. मला आता या वाक्याचा राग येतो. होती, तर विकली कशाला?

आम्ही विकली नव्हती. आमची बुडाली होती. उल्हास नदीचं पाणी कर्जतमध्ये शिरलं त्या वर्षी ती आवारात काचांपर्यंत पाण्यात उभी होती. पाणी ओसरल्यावर एका मेकॅनिकने ती अर्धीअधिक खोलली, सीटा बाहेर काढून वाळत घातल्या, इंजिनातला गाळ बघितला आणि मान हलवत निघून गेला. तो परत फिरकलाच नाही. गाडी ढकलून शेडमध्ये लावली आणि तिच्यावर हळूहळू घरातली सगळी अडगळ चढली.

ती गाडी आईची. आई डॉक्टर, कर्जतपासून खालापूरपर्यंत बाळंतपणांना जायची. ठाकुरवाडीकडचा निरोप आला तर रस्ता संपेल तिथे गाडी लावायची आणि पिशवी खांद्याला मारून डोंगर चढायची. वाटेत पोलीस दिसले की तेच तिला सलाम ठोकायचे, कारण त्यांच्या घरातली पोरं तिच्याच हातची. त्यामुळे तिचं लायसन्स आयुष्यात कोणी बघायला मागितलं नाही. "एवढी परीक्षा देऊन काढलं, फुकट गेलं," असं ती कुरकुरायची.

गेल्या उन्हाळ्यात तिने ते लायसन्स कपाटातून काढलं आणि चष्मा लावून तारीख वाचली. दिवाळीनंतर संपत होतं.

"वाढवून घेऊ की," मी म्हटलं. "डॉक्टरचा दाखला लागेल. तुझ्या ओळखीचे ढीगभर आहेत."

"ओळखीवर दाखला?" ती माझ्यावर उखडलीच. "ऐंशी उलटलेल्या एकाही माणसाला मी गाडी चालवायला सही दिली नाही. आता स्वतःसाठी दुसऱ्याकडे मागू?" मग शेडकडे बघत म्हणाली, "एकदा चालवायची होती गं मला ती."

माझ्या आईने माझ्याकडे कधी काही मागितलेलं मला आठवत नाही. मी ताडकन उठले आणि म्हणाले, "चालवशील." गाडीतलं मला त्या वेळी कळत काय होतं? पेट्रोल कुठून घालतात एवढं.

तिथून पुढचे महिने म्हणजे नुसती धमाल. खालापूरच्या थोडं पुढे एका मिस्त्रींचं गॅरेज आहे, जुन्या गाड्यांवर जीव असलेला माणूस. त्यांनी टेंपोत घालून गाडी नेली, बॉनेट उघडलं, आत बघितलं आणि एकदम हसले. "ताई, आत उंदराचं बिऱ्हाड हाय. पण ब्लॉक शाबूत हाय." ब्लॉक म्हणजे काय ते मला कळलं नव्हतं, तरी मी आनंदाने टाळी वाजवली.

मला त्या वेडाने पुरतं झपाटलं. जुन्या गाड्यांचे व्हॉट्सअॅप गट, त्यातले रात्रंदिवस भांडणारे शौकीन, ओरिजिनल म्हणून डुप्लिकेट विकणारे बहाद्दर, सगळ्यांशी माझी ओळख झाली आणि त्यातल्या निम्म्यांशी भांडणही झालं. दिव्यांच्या चकचकीत रिंगा रसायनीत मिळाल्या. तिथल्या कंपन्यांच्या कॉलनीत एके काळी साहेबलोकांकडे अशाच गाड्या असायच्या, तेव्हा काहीतरी उरलं असेल असा माझा अंदाज होता. भंगारवाल्याच्या ढिगात, गंजलेल्या पंख्यांच्या खाली, वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या अख्ख्या दोन रिंगा! मी तिथेच ओरडले. भंगारवाला घाबरून म्हणाला, "हात कापला का?" व्हीलकॅपसुद्धा त्याच ढिगात मिळाल्या, फक्त एकीत कोंबडीने अंडं घातलेलं होतं. ते अंडं त्याने हिशोबात धरलं नाही.

इंजिन पहिल्यांदा सुरू झालं तेव्हा मी मिस्त्रींच्या गॅरेजात नाचले, हे लपवण्यात अर्थ नाही. धूर एवढा झाला की समोरचा वडापाववाला शिव्या देत बाहेर आला आणि गाडी बघून तिथेच उभा राहिला. मी लगेच आईला फोन लावला आणि फोन इंजिनाजवळ धरला. ती पलीकडून म्हणाली, "एक प्लग चुकतोय." मिस्त्रींनी बघितलं, खरंच चुकत होता.

सगळं जमत आलं आणि गाडं अडलं ते गिअरच्या दांड्यावर. तो गायबच होता. गटातल्या एकाने पाठवलेला वीतभर आखूड निघाला, दुसऱ्याचा भलत्याच गाडीचा. गणपती आले, गेले. नवरात्र बसलं. शेवटी मिस्त्री म्हणाले, "ताई, खाली फ्लोअर गिअर बसवू. दोन दिवसांचं काम हाय. दिवाळीआधी गाडी रस्त्यावर."

मी घरी येऊन आईला ते सांगितलं.

"खालचा गिअर मी कधी टाकला नाही," ती शांतपणे म्हणाली. "या वयात नवं शिकून रस्त्यावर यायचं, म्हणजे दुसऱ्याच्या जिवाशी खेळ. हँडगिअर मिळाला तर चालवीन, नाहीतर राहू दे." आणि मटार सोलायला लागली. मला एवढं रडू आलं की मी नळ सोडून भांडी घासायला घेतली.

दुसऱ्या दिवशी गॅरेजात जाताना खालापूरला तहसील कचेरीजवळ चहाला थांबले. मन थाऱ्यावर नव्हतं. टपरीबाहेरच्या बाकावर टेकले आणि दचकले. बाक कसला, ती गाडीची मागची सीट होती! विटांवर ठेवलेली, तपकिरी, उजव्या कोपऱ्यात पांढऱ्या दोऱ्याची शिवण. ती शिवण आईची. जखमेला टाके घालायच्या सुईने, त्याच पद्धतीने घातलेली.

"ही सीट कुठून आणली?" मी इतक्या जोरात विचारलं की दोघांच्या बशीत चहा सांडला.

टपरीवाली बाई माझ्याच वयाची, पदर खोचलेली. ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "आणली म्हंजी? डॉक्टरबाईंनी दिली. पुरानंतर वाळत पडली व्हती, मी मागितली, बाई बोलल्या ने. चोरली नाय."

"पण सीटच का?"

"आता गं बया! माझी लेक हिच्यावरच झाली. रेल्वेचं फाटक पडलेलं, मालगाडी हलंना, बाईंनी गाडीतच सोडवली मला. मंग? ती काय भंगारात जाऊ द्यायची?"

मी हसायला लागले आणि थांबेचना. गावोगावचे ढीग मी उपसत होते आणि ज्या सीटवरून मी शाळेत जायचे तिच्यावर इथे कचेरीत आलेली माणसं रोज चहा पीत होती. सीट अजून इथे आहे हे तुम्ही डॉक्टरबाईंना, म्हणजे माझ्या आईला, कधी सांगितलं का नाही, असं मी विचारलं. ती म्हणाली, "दिल्याली वस्तू काय आठवन करून द्यायची? बाईंना वाटंल, परत द्यायला आली."

आमच्या भागात हे असंच आहे. उभ्या गाडीचं काही मागितलं तर नाही म्हणायचं नाही, आणि नेलं तर पुन्हा विषय काढायचा नाही. या सभ्यपणापायी कोणी काय नेलं ते मी गावात विचारलं नाही, आईने सांगितलं नाही, आणि आम्ही सगळे चार महिने गप्प होतो.

मी तिला सगळं सांगितलं. आई, लायसन्स, दांडा. ऐकता ऐकता तिचा हात तोंडाकडे गेला. ती टपरीत शिरली, शटरच्या मागे हात घालून चाचपलं आणि एक लोखंडी दांडा काढून माझ्यापुढे धरला. एका टोकाला काळी गोल मूठ, अंगठ्याच्या जागी झिजून गुळगुळीत झालेली. "सीटबरोबर आला व्हता. शटर वडायला बरा पडतो."

मी तो छातीशी धरला.

"ने," ती म्हणाली. "सीट बी ने. पन पयली फेरी माज्याकडं. बाईंनीच आनायची गाडी. शब्द दे."

शब्द मी दिला. दांडा बसला तेव्हा मिस्त्रींनी तो वरखाली करून बघितला आणि कौतुकाने कानाला हात लावला. मग त्यांनीच पनवेलला नेऊन पासिंग करून आणलं आणि वसुबारसेच्या सकाळी गाडी आमच्या दारात उभी राहिली. ठरलं असं होतं की आईने कोपऱ्यापर्यंत जाऊन यायचं, आणि मग खालापूरपर्यंत मिस्त्रींनी चालवायची.

आई बसली, शेजारी मी. सीट पुढे ओढली, आरसा नीट केला, मुठीवर अंगठा ठेवला. गिअर पडल्याचा आवाज झाला आणि मला रडू आलं. कोपरा आला आणि गेला. "आई, वळव!" "शब्द तू दिलास ना?" ती म्हणाली, आणि पळसदरीच्या रस्त्याला लागली. मागे मिस्त्री दोन्ही हातांनी सीट धरून बसले होते, पण हसत होते. रस्त्यावरची माणसं थांबून बघत होती. एक म्हातारा सायकलवरून उतरून उभा राहिला. मला ओरडावंसं वाटत होतं, आणि खोपोलीच्या पुढे मी खरंच ओरडले.

खालापुरात कचेरीसमोर एका तरुण पोलिसाने हात केला. आईने गाडी व्यवस्थित कडेला घेतली. तो खिडकीशी वाकला. "काय नाय आजी, गाडी बघायला थांबवली. हँडगिअर हाय ना? आमच्या आज्याची व्हती अशीच."

"आधी लायसन्स बघा," आई म्हणाली.

"नको वो, राहू द्या."

"राहू द्या काय? तुमचं काम आहे. बघा!" तिने पर्समधून लायसन्स काढून त्याच्या हातात ठेवलं. टपरीवाली तोवर पदराला हात पुसत धावत आली होती, तीही थबकली. पोलिसाने ते दोन्ही बाजूंनी नीट वाचलं. मग जरा अवघडून म्हणाला, "आजी, हे संपत आलंय."

"हो," आई म्हणाली. तिचा चेहरा नुसता फुलला होता. "पण आज चालू आहे ना?"