अहवालानंतर पाहिलेली वसई

बहुतेक लोक अर्नाळ्याला समुद्रासाठी जातात. मी गेले ती एका खोट्या वाक्यापायी. वाक्य माझंच आहे, आणि ते असं: 'वसई पूर्व येथील लघुउद्योग गाळ्यांची प्रत्यक्ष पाहणी करण्यात आली.'

मी पुण्यात एका सल्लागार कंपनीत काम करते. एखाद्या जिल्ह्यात पुढच्या वीस वर्षांत कारखानदारी कुठे वाढावी, कुशल हातांना काम कसं मिळावं, याचे आराखडे आम्ही करतो. पालघर जिल्ह्याच्या आराखड्यातलं वसईचं प्रकरण माझ्याकडे होतं. घोडबंदर रस्त्यावरची वाहतूक कोंडी, ऑफिसची घाई अशी कारणं तयार होती. खरं कारण कंटाळा. मी एकशे अठरा गाळ्यांना फोन केले, आकडे भरले आणि पाहणी केल्याचं ठोकून दिलं. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच. मसुदा हरकती-सूचनांसाठी जाहीर झाला आणि ते वाक्य मला रोज टोचायला लागलं. शेवटी दोन दिवस सुट्टी काढली. उशिरा का होईना, जाऊन आले की वाक्य खरं होईल, असा माझा हिशेब. वरातीमागून घोडं, दुसरं काय! ऑफिसात कुणाला सांगितलं नाही.

आता रस्त्याचं. पुण्याहून गाडीने येणार असाल तर घोडबंदरच्या वाटेला जाऊ नका. मुंबईमार्गे भाईंदरला या आणि गाडी रो-रो बोटीत घाला. बोट चालते जेमतेम पंधरा मिनिटं, रांगेत मात्र त्याहून जास्त वेळ धरा, आणि वेळा आदल्या दिवशी विचारून घ्या, कारण त्या भरती-ओहोटीवर हलतात. तिकीट गाडीसकट दोनशेच्या आसपास बसलं. बोट वसईच्या किल्ल्याच्या तटाखाली लागते. मी डेकवर उभी राहून फोटो काढत होते आणि मनात म्हणत होते की बाई, इतकं सोपं होतं तर तेव्हा काय झालं होतं तुला?

वसईहून अर्नाळ्याचा रस्ता अरुंद आहे, पण घाई करू नये असाच. निर्मळच्या अलीकडे-पलीकडे केळीच्या वाड्या, सायकलच्या मागे बांधलेल्या फुलांच्या टोपल्या, मध्येच एखादा क्रूस. आगाशीच्या बाजारात थांबून सुकेळी घेतली. सुकेळी म्हणजे उन्हात वाळवलेली केळी, मधासारखी चिकट. विकणाऱ्या आजोबांनी चव बघायला एक पूर्ण केळं दिलं आणि दुसरंही पुढे केलं. माझ्या अहवालात या पट्ट्यावर 'अल्प औद्योगिक महत्त्व' असा शेरा आहे. तोही न बघताच मारलेला.

अर्नाळ्यात हेमलताबाईंच्या घरी वरची खोली घेतली होती. त्या मासळीचा धंदा करतात. नवरा गेल्यावर त्यांनी दोन खोल्या पर्यटकांना द्यायला सुरुवात केली. जेवणासह माणशी हजार रुपये, आणि जेवण असं की हजार त्याचेच द्यावेत. फिरायला आलात का, असं त्यांनी विचारलं, आणि मी हो म्हणाले.

संध्याकाळी त्यांची मुलगी रेश्मा कामावरून आली. सव्वीसेक वर्षांची, बारीक, बोलायला चटपटीत. ताटं वाढताना तिची नखं दिसली. सगळी निळी. शाई सांडली का, मी विचारलं.

"हिची नखं मी पांढरी कदी बगितलीच नाय," हेमलताबाई म्हणाल्या. "भाकरी पन निळी करते."

मग कळलं की रेश्मा वसई पूर्वेला एका गाळ्यात प्लास्टिकच्या झाकणांचे साचे जुळवते. तिच्या वडिलांच्या मित्राने तिला हाताला धरून हे काम शिकवलं, त्याला आता सात वर्षं झाली. आमटी वाढता वाढता तिने सांगितलं की बोईसरकडच्या एका मोठ्या कंपनीत ती मुलाखतीला गेली होती. त्यांनी साचा जुळवायला दिला, तिने जुळवला, ते खूश झाले. मग त्यांनी दाखला मागितला. तिच्याकडे होतं ते गाळ्याचं पत्र, आणि त्यात लिहिलेलं 'हेल्पर'. काम तिथेच बारगळलं.

"सगळ्यांनाच हेल्पर लिहितात," ती म्हणाली. "लागताना हेल्पर लिहिलं की मरेपर्यंत हेल्पर. आमचे उस्ताद तीस वर्षं साचे करतायत, ते पण हेल्पर."

'हेल्पर' हा शब्द माझ्या ओळखीचा होता. कारण फोनवर मी प्रत्येक गाळेवाल्याला विचारलं होतं, कुशल कामगार किती? आणि एकेकाने हजेरीपट बघून सांगितलं होतं, कुशल कोणी नाही, सगळे हेल्पर. मी तसंच उतरवलं. पुढचा निष्कर्षही मीच काढला: वसई पूर्वेला कुशल मनुष्यबळ नाही, तिथे गोदामं वाढवावीत; हातचं काम येणाऱ्यांची परीक्षा घेऊन दाखला देणारं केंद्र जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला असावं.

त्या केंद्राचं रेश्माने ऐकलं होतं. वसईला होणार म्हणून तिने वहीत त्याचं नाव टिपून ठेवलं होतं. आता ते लांब जाणार. तिथे जाऊन राहायचं तर पगार बुडणार आणि आई एकटी पडणार. "पुण्याहून कोणीतरी येऊन बघून गेलं म्हणे," ती म्हणाली, "त्यांना इथे कारागीरच दिसले नाहीत."

मी काय करते, हे हेमलताबाईंनी तेव्हाच विचारलं. मी म्हटलं, लिहिण्याचं काम करते. खोटं नव्हतं, पण त्याहून हलकं मी आयुष्यात काही बोलले नसेन. ताटात तळलेला बोंबील होता, त्याची चव मला आठवत नाही. लाजेने खाली घातलेली मान जेवताना कुणाला कळत नाही, एवढंच काय ते बरं.

सकाळी रेश्माला म्हटलं, गाडीने सोडते, गाळा दाखवशील? ती हसली. गाळा बघायला कोण येतं, म्हणाली, पण तयार झाली. अर्नाळ्याहून विरार, नालासोपारा करत वसई पूर्व गाठायला आम्हाला दीड तास लागला. रस्ता खड्ड्यांचा, कंटेनर आडवे लावलेले, पावलोपावली चहाची टपरी. नाश्ता टपरीवरच करा. वडापाव गरम असतो आणि बसायला बाकडं मिळतं.

गाळा म्हणजे पत्र्याखालची वीस बाय चाळीसची जागा. दारावरचा क्रमांक बघितला आणि ओळखला. माझ्या यादीतला त्र्याहत्तरावा. शेरा: 'अकुशल.'

रेश्माने साच्याचा एक अर्धा भाग घेतला. त्याच्या तोंडावर बोटाने निळा रंग पातळ पसरला, त्यावर दुसरा अर्धा दाबला आणि उचलला. जिथे पोलाद किंचित उंच होतं तिथेच निळा डाग उमटला. तेवढीच जागा तिने दगडाने घासली. पुन्हा रंग, पुन्हा दाब, पुन्हा घासणं. केसाएवढी फट राहिली तरी प्लास्टिक बाहेर येतं आणि झाकणाला धारदार कड राहते. पाऊण तासात तिने हे किती वेळा केलं ते मोजायचं मी सोडून दिलं. शेवटी निळा सगळ्या कडेवर सारखा उमटला. कोपऱ्यातल्या म्हाताऱ्या उस्तादांनी साचा उचलून उजेडाकडे धरला आणि पुढचा तिच्याकडे सरकवला.

टपरीवर चहा घेताना मी तिला सांगितलं. बघून गेलेली 'पुण्याची कोणीतरी' मी, आणि मी आलेच नव्हते. यादीत तुझ्या गाळ्यापुढे अकुशल लिहिणारीही मीच. सगळं एका दमात सांगितलं, कारण थांबले असते तर राहून गेलं असतं.

ती रागावली नाही. रागावली असती तर मला सोपं गेलं असतं. मी घाईघाईने पुढे म्हटलं, की आता पाहिलं ना, आता मी दुरुस्ती करीन.

"पाहणीची तारीख कोणती टाकणार?" तिने विचारलं.

आजची तारीख टाकली तर अहवालातली पाहणी खोटी ठरते. जुनी टाकली तर ही माझी दुसरी थाप. दोन दिवसांची सहल करून मी पहिल्या खोट्यावर गुपचूप पांघरूण घालायला आले होते, हे तिने एका प्रश्नात ओळखलं. ती पेला ठेवून कामावर गेली.

पुण्यात परतल्यावर साहेबांना सांगितलं. ते ओरडले नाहीत. 'अद्ययावत माहितीनुसार' असं लिही, तारखेची गरज नाही, म्हणाले. आमच्या धंद्यात अशी वाक्यं तयार असतात. मी दोन दिवस त्या वाक्याकडे बघत बसले. रेश्माचा निरोप आला होता, 'तारीख टाकली?' तिसऱ्या दिवशी दुरुस्तीपत्रात लिहिलं: आधीची पाहणी झालेली नव्हती, ही पहिली, आणि खाली खरी तारीख व माझं नाव. आराखड्याच्या पुढच्या टप्प्यातून माझं नाव वगळलं गेलं. केंद्र कुठे होणार ते अजून ठरायचंय. हरकतींची मुदत या महिनाअखेरपर्यंत आहे.

त्या पानाचा फोटो रेश्माला पाठवला. मनातून शाबासकीची वाट बघत होते, हेही कबूल करते. तिचं उत्तर लगेच आलं: 'छान. बाकीच्या एकशे सतरा गाळ्यांचं काय?'

आगाशीची सुकेळी अजून डब्यात आहेत. उघडला की वास येतो आणि मी तो बंद करते. काल हेमलताबाईंना फोन करून आठ दिवसांसाठी खोली मागितली.

"एवडे दिस फिरनार कुटं, ताई?" त्यांनी विचारलं.

फिरायला नाही, बाकीचे गाळे बघायला, मी म्हटलं, आणि मागच्या वेळी ताटावर बसून जे सांगितलं नव्हतं ते सगळं सांगितलं. मग त्या म्हणाल्या, खोली आहे.