लाल ट्रॅक्टरच्या जाहिराती

धुळ्यात महामार्गालगत टायरच्या दुकानावर आमचं छोटं ऑफिस होतं. जुने ट्रॅक्टर, थ्रेशर, पाण्याच्या मोटारी यांच्या खरेदी-विक्रीच्या जाहिराती आमच्या ॲपवर यायच्या. डेटाबेसमधून हवी ती माहिती काढायला क्वेरी लिहिणं हे माझं काम. डेटाबेसला नीट प्रश्न विचारला की तो नेमकं उत्तर देतो, आणि ते मला फार आवडायचं.

त्या दिवशी फसवणुकीची एक तक्रार आली. साहेब म्हणाले, "ताई, फारच स्वस्तात टाकलेले ट्रॅक्टर काढा बरं. एकच फोटो पुन्हा पुन्हा वापरलाय का, तेही बघा."

मी क्वेरी चालवली. एकच लाल ट्रॅक्टर, मागे तेच कडुनिंबाचं झाड, पुढचा एक दिवा फुटलेला. मालकाचं नाव मात्र दरवेळी वेगळं. कधी शिरपूर, कधी चोपडा, कधी साक्री. मग त्या जाहिरातींवर आलेले निरोप काढले. प्रत्येक गिऱ्हाइकाने शेवटी 'रोख घेऊन येतो' असं काहीतरी लिहिलेलं, आणि त्यानंतर त्याने ॲप पुन्हा उघडलेलंच नाही. एकानेही नाही.

सगळ्यात खालची ओळ साक्रीच्या जाहिरातीवरची, त्याच सकाळची होती. 'मी निंघनू. दुपारले पोचस.'

नंबर माझ्या वडिलांचा होता.

नानांच्या फोनमध्ये ॲप मीच टाकून दिलं होतं. मी फोन लावला, बंद. अमळनेरजवळच्या आमच्या गावी आईला लावला.

"नाना त सकायमाच ग्यात," आई म्हणाली. "ट्रॅक्टर देखाले."

"संगे कोन शे?"

"कोनी नही. काबरं वं?"

मी काहीतरी सांगून फोन ठेवला. म्हणजे साक्रीला जायला नाना धुळ्याच्या स्टँडवर एसटी बदलून, माझ्या ऑफिसपासून हाकेच्या अंतरावरून पुढे गेले होते.

जाहिरातीत गाव साक्री लिहिलेलं होतं, पण त्यावर विश्वास नव्हता. जाहिरात टाकताना फोन कुठे होता याची नोंद आमच्याकडे राहायची. ती काढायला नवी क्वेरी लिहायला बसले, तर बोटं चुकीच्याच कळा दाबत होती. एक साधा स्वल्पविराम राहिला म्हणून ती चालेना. साहेबांनी शेजारी उभं राहून तो दाखवला. सगळ्या जाहिराती एकाच जागेवरून टाकलेल्या निघाल्या. साक्री रस्त्यावरच्या एका फाट्याच्या आत, शेतातून.

साहेबांनी पोलिसांना फोन केला आणि आम्ही साहेबांच्याच गाडीतून निघालो. रस्ताभर मी खिडकीतून प्रत्येक पांढऱ्या टोपीखाली नाना दिसतात का ते बघत होते.

फाट्याच्या अलीकडे एका चहाच्या टपरीवर नाना बसलेले दिसले. पायात चपला नव्हत्या. ओठ सुजलेला. दोघांनी त्यांना मोटारसायकलवर मध्ये बसवून नेलं होतं, आणि पैसे, फोन काढून घेऊन ढकलून दिलं होतं. ढेकळांतून चालत ते रस्त्यावर आले होते. मला बघून त्यांना आश्चर्यही वाटलं नाही.

"तुन्या मायले सांगू नको," एवढंच म्हणाले. मी त्यांचा हात धरून त्यांना गाडीत बसवलं.

पोलिसांनी फाट्याच्या आतल्या त्या शेताजवळून दोघांना पकडलं. पैसे मात्र मिळाले नाहीत.

दुसऱ्या दिवशी साहेबांची परवानगी घेऊन मी त्या बाकीच्या गिऱ्हाइकांना एकेक करून फोन लावला. हँडसेट गेले तरी त्याच नंबरचं सिम पुन्हा काढलेलं, त्यामुळे बहुतेकांनी उचलला. सगळे जिवंत होते, खाली मान घालून बोलावं तसं बोलत होते. कुणी बायकोला सांगितलं नव्हतं, कुणी मुलाला. चोपड्याकडच्या एका माणसाचा नंबर मात्र लागला नाही. मी तो पोलिसांना दिला. अजून त्यांच्याकडून काही कळलेलं नाही. अधूनमधून मी तो लावून बघते.