लोद्रोने पसरलेला डोंगर

लोद्रो मुंडा बावीस वर्षे डोझर चालवत होता. त्यांतली शेवटची पाच, कोळसा काढून झालेली खाण बुजवण्यात गेली. डंपरने ओतलेले दगडमातीचे ढीग पसरायचे, दाबायचे, वर हलका उतार देऊन जमीन सारखी करायची. तिथे पूर्वी हेसाडी हे त्याचे गाव होते. या तुकड्यावरची पाळी त्याने स्वतः मागून घेतली होती आणि का, हे उठवलेल्या गावाच्या नव्या वसाहतीत सर्वांना ठाऊक होते.

नऊ वर्षांपूर्वी त्याची आई जौनी वारली. चितेतून वेचलेली तिची हाडे मडक्यात घालून आढ्याला टांगलेली होती. कुळाच्या शिळेखाली, कुळाच्याच भूमीत ती ठेवल्याखेरीज आईची सावली, म्हणजे तिचा आत्मा, घरात बोलावता येत नाही. त्याआधीच गाव उठवताना शिळा क्रेनने उचलून वर्कशॉपच्या कुंपणाशी ठेवली होती. अडचण जागेची होती. खाणीच्या नकाशावर हेसाडीचे सगळे भूखंड क्रमांकवार आहेत, शिळा मात्र एकही नाही.

लोद्रोचा भरवसा स्वतःच्या डोळ्यांवर होता. शिळा उचलली त्या दिवशी त्याने खूण धरली होती: चिमणी आणि पाण्याची टाकी एकामागे एक दिसतील अशा रेषेत चालायचे, आणि काळ्या बुरूचे टोक डाव्या खांद्याशी आले की थांबायचे.

बुरू म्हणजे डोंगर. हा डोंगर मात्र पहिल्या खाणीतून निघालेल्या दगडमातीचा ढिगारा होता. चाळीस वर्षांत त्यावर सालाची झाडे वाढली होती, आणि दर वसंतात पाहन, म्हणजे गावचा पुजारी, तिथे लाल कोंबडा कापत असे. तो ढिगारा आहे हे कुणी नाकारत नव्हते. कुणाच्या ध्यानीही राहिले नव्हते.

धान कापून झाल्यावर दिवस ठरला. लोद्रोने दाखवल्या जागी खड्डा खणला, क्रेनने शिळा आणली. पानांच्या द्रोणांतून हंडिया, तांदळाची दारू, फिरली. तेवढ्यात गुरबारी आत्याने हात वर केला.

"थांब रे. बुरू कुठंय?"

"तो काय समोर, आत्या. डोळे दाखव डॉक्टरला."

"माझे डोळे राहू देत. टोकाच्या अलीकडे कोंबडं कापायचा खडक होता. तो कुठं गेला?"

चरण पाहनाने कपाळावर हात धरून पाहिले. "उत्तरेचं अंगच नाही राहिलं. हे टोक वेगळं दिसतंय."

"नेलं कुणी?"

"लोद्रोच्या मशीननं!" मागून कुणी हसले. "बुरू खाल्ला आणि ढेकर इथं दिला."

लोद्रो हसला नाही. खाणीच्या तळातून बुरू दिसत नसे. डंपर ओतत ती माती कुठून येते, हे त्याने पाच वर्षांत एकदाही विचारले नव्हते.

खाणीच्या कचेरीतून बोलावलेल्या सर्वेअर नीरदबाबूंनी जुन्या मोजणीतून बुरूच्या पहिल्या टोकाचा ठिकाणा शोधून यंत्र लावले. चिमणी-टाकीच्या रेषेवरून ते उत्तरेकडे एकशेऐंशी मीटर चालत गेले आणि पाण्याच्या काठाशी थांबले. शेवटचा चर भरायला माती उरली नव्हती. तिथे तलाव राखला होता.

"अजून साठ," ते म्हणाले. "पण आत."

लोद्रो पाहनाकडे वळला. "काका, मग इथंच ठेवू. खड्डा तयार आहे."

"इथं टोपनोंचं शेत होतं. दुसऱ्या कुळाच्या मातीत आपलं हाड जात नाही."

"टोपनोंची कुठली माती, काका? चार गावांची माती मीच कालवलीय. कुणाची कुठं गेली, मलाही सांगता यायचं नाही."

"मग तर कुठंच नाही," पाहन म्हणाला.

शिळेची वाट पाहत आणखी तीन घरांनी मडकी आणली होती. ती त्यांनी उचलली. क्रेनवाल्याने शिळा परत न्यायची का विचारले. लोक चालू लागले, तेव्हा शिळा खड्ड्याशेजारी ठेवून तो निघून गेला.

परतताना लोद्रोच्या हातात आईचे मडके होते. आत्या शेजारून चालत होती.

"माझ्या वेळी हाडं वेचत बसू नकोस," ती म्हणाली. "राखेतच राहू दे."

"असं बोलू नये, आत्या."

"मग कसं बोलू, तूच सांग."

दुसऱ्या दिवशी त्याची पाळी तलावाचा काठ उतरता करण्याची होती. तो गेला.